राजासॉरस या डायनासोरची मूर्ती करायची तर आधी हे ठरव

भावा, कोल्हापूरच्या बापट कॅम्पातल्या कुंभारांकडून शाडू आणण्याआधी कागदावर तीन रंगांत आराखडा काढ. मिळालेली हाडं काळी, त्याच्या जवळच्या डायनासोरांवरून घेतलेली निळी, निव्वळ अंदाज लाल. गुजरातच्या रहिओलीतून आलेल्या राजासॉरसची कवटी अर्धवटच आहे. मणके, कंबर, पाय, शेपटी यांचे तुकडे मिळालेत. म्हणजे जबड्याचा बराच भाग निळा.

स्नायू कुठे चिकटले होते ते हाडावरच्या खडबडीत खुणांवरून कळतं, पण चरबी किती होती ते कळत नाही. म्हणून हाडांवर कातडं ताणून बसवू नकोस, नवशिके हमखास तिथेच चुकतात. एडमोंटोसॉरस या दुसऱ्या डायनासोरच्या डोक्यावरचा मांसल तुरा 2013 साली उजेडात आला. नुसत्या कवटीवरून तो कुणालाच कळला नसता. कातडीसाठी अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस बघ. तो राजासॉरसच्याच कुळातला, त्याच्या कातडीचे ठसे मिळालेत. त्यात बारीक खवले आहेत, पिसं नाहीत.

राजासॉरसचा रंग मात्र पूर्णपणे लाल, म्हणजे अंदाजाच्या, खान्यात. सायनोसॉरोप्टेरिक्स या पिसं असलेल्या डायनासोरच्या शेपटीचे तांबूस-पांढरे पट्टे 2010 मध्ये कळले, ते पिसांतले रंगकण टिकले म्हणून. इथे तसं काही नाही, तेव्हा मातकट रंग दे आणि पाटीवर ‘रंग अंदाजे’ असं स्पष्ट लिही.

शाडू वाळताना आकसतो, आतल्या सांगाड्याची तार आकसत नाही. सावलीत हळू वाळव, नाहीतर पायाला भेगा पडतील.