वन्यजीव संवर्धन आणि संगीतशास्त्र या दोन्ही विषयांसाठी कोणती नियतकालिके वाचावीत?

आपण सोलापुरात प्राणिशास्त्र शिकता, गायनाच्या परीक्षाही देता आणि दोन्ही विषयांना पुरेल असे एखादे नियतकालिक विचारता. माझ्या मते असे सामाईक नियतकालिक शोधूच नये, कारण या दोन विषयांत पुराव्याची रीतच वेगळी आहे.

वन्यजीवांसाठी 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' आणि 'इंडियन बर्ड्स' ही दोन्ही महाजालावर विनामूल्य मिळतात. त्यांतील निष्कर्षांआधी गणनेची पद्धत वाचावी. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातील माळढोकासारख्या विरळ पक्ष्याच्या बाबतीत एकच नर दोन ठिकाणी मोजला गेला, तरी सगळा हिशेब बिघडतो, आणि तो कसा टाळला हे पद्धतीच्या परिच्छेदातच कळते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जर्नल १८८६ पासून निघते. त्याचे जुने खंड महाजालावर उपलब्ध असून त्यांतील शिकाऱ्यांच्या आणि वनाधिकाऱ्यांच्या टिपणांवरून पूर्वी कोणता प्राणी कुठे दिसत असे, हे समजते. हलके वाचन हवे असेल, तर त्याच संस्थेचे 'हॉर्नबिल' आहे.

संगीताची गोष्ट जरा निराळी आहे. हाथरसहून १९३५ पासून निघणारे हिंदी 'संगीत' मासिक उपयोगी आहे, परंतु संगीताच्या मासिकांत कलावंतांचा गौरव पुष्कळ आणि शास्त्र थोडे, असा माझा अनुभव आहे. म्हणून आधी पं. भातखंडे यांची 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' वाचावी. गुरुशिष्यांच्या संवादातून उलगडणारा हा ग्रंथ मुळात मराठीत आहे, ही आपली मोठीच सोय. त्यानंतर मद्रासच्या म्युझिक अकॅडमीचे १९३० पासूनचे जर्नल चाळावे, म्हणजे रागलक्षणांवर विद्वान कसे वाद घालतात ते दिसेल.

दोन्ही विषय जोडण्याच्या उत्साहात मोर षड्ज (सा) बोलतो, कोकिळ पंचम (प) बोलतो, या 'बृहद्देशी' या प्राचीन संगीतग्रंथातील श्लोकांना ध्वनिमापनाचा आधार शोधणारे लेख आपल्याला भेटतील. ते सावधपणे वाचावेत. आपल्याकडे षड्ज गायक स्वतः ठरवतो, तेव्हा मोराच्या ओरडण्याची (केकेची) कंपनसंख्या मोजून षड्ज सिद्ध होत नाही. पक्ष्यांच्या आवाजाचा खरा अभ्यास हवा असेल, तर 'बायोअकूस्टिक्स' हे इंग्रजी नियतकालिक आहे, मात्र त्याची वर्गणी स्वतः भरण्यापेक्षा आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे चौकशी करावी.