आधी वीजबिलं काढा

आपल्या घरामुळे वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हा कार्बनचा हिशेब करायला लगेच ॲप शोधू नका. वर्षभराची वीजबिलं, गॅस सिलिंडरची संख्या आणि पेट्रोलचे लिटर एवढं पुरे. आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशावरची, म्हणून एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे ४२. वीज-गॅसचा आकडा घरातल्या माणसांत वाटा, नाहीतर मोठं कुटुंब उगाच दोषी ठरतं. विमानप्रवास वेगळा मांडा.

मग पंख्यांकडे वळा. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, ३०च्या आसपास. रोज १२ तास चालणारा एक पंखा बदलला तर वर्षाला जवळपास २०० युनिट वाचतात, म्हणजे १४० किलो! सर्वांत जास्त चालणारा पंखा आधी बदला. एसी २४ अंशांवर ठेवा. कापडी पिशवी जरूर वापरा, प्लास्टिक नकोच; पण तिने हा आकडा फारसा हलत नाही.

तुलना करताना यंदाचा मे गेल्या मेशीच ताडून बघा, डिसेंबरशी नको.