ताकाला पाणी म्हणतात का?

रामबाग, इंदूर

प्रिय पोरी, अनेक आशीर्वाद.

तुमच्या दवाखान्यातल्या रुग्णांसाठी तू केलेला अभिप्रायाचा फॉर्म व्हॉट्सअॅपवर मिळाला. मांडलायस छान. पण बिलाच्या खिडकीपाशी हातात दिलास तर सगळे ‘उत्तम’वरच खूण करतील. बाहेर रिक्षा थांबलेली असते, आणि पुढच्या महिन्यात याच डॉक्टरांकडे यायचं असतं. कोण कशाला वाकडेपणा घेईल?

मी वॉर्डात नर्स असताना हृदय कमजोर झालेले एक काका महिन्याभरात तिसऱ्यांदा भर्ती झाले. पायांवर सूज, धाप. दिवसाला दीड लिटरवर पाणी नको, असं आम्ही दोनदा बजावलं होतं, म्हणून फाइलवर ‘पथ्य पाळत नाहीत’ लिहून मोकळ्या झालो. रात्रपाळीत काकूंशेजारी स्टुलावर टेकले, तर त्या म्हणाल्या, “सिस्टर, थेंबभर जास्त पाणी दिलं नाही हो. ताक, चहा आणि वरणाचं पाणी, एवढंच काय ते.”

आम्ही पाणी म्हणालो, त्यांनी पाणी मोजलं. चूक कुणाची?

उपायही काकूंनीच काढला. सकाळी दीड लिटर पाणी बाटल्यांत भरायचं. प्यायला द्यायचं ते त्यातलंच. चहा किंवा ताक दिलं की तेवढं पाणी तुळशीला घालायचं. बाटल्या रिकाम्या झाल्या की त्या दिवसाचं पिणं संपलं. मग नवा सूचनांचा कागद आम्ही छापायच्या आधी काकूंना वाचायला दिला. पहिल्याच ओळीत ‘द्रवपदार्थ’वर बोट ठेवून म्हणाल्या, “हे काय असतं?”

विचारायचं ते छापायच्या आधी, हे नीट लक्षात ठेव. ठरवून झाल्यावर विचारलं की लोक मान डोलावतात. झाबुआ-धारकडून आलेल्या माणसाला आपली हिंदीही अर्धीमुर्धीच कळते, तो तर सगळ्यालाच ‘हां’ म्हणतो. त्याला “समजलं का” असं विचारूच नकोस. “घरी गोळी कशी द्याल, करून दाखवा,” म्हण.

कुणी म्हणेल, अटेंडरांना, म्हणजे रुग्णाजवळ राहणाऱ्या घरच्यांना, काय कळतं? असं म्हणणाऱ्याला दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाचं सांग. नवजात बाळांच्या कक्षात आईवडिलांना काचेबाहेर उभं न ठेवता, हात धुण्यापासून शिकवून आत घेतलं, बाळाची देखभाल त्यांच्याकडून करवून घेतली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्याची देशभरासाठी मार्गदर्शिका काढली.

आणि आपल्या इंदूरला तर हा मान आधीचाच आहे. १९९४-९५मध्ये एमवायमध्ये, म्हणजे आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, उंदीर मारून, झाडून-पुसून सगळं रुग्णालय साफ केलं, त्यातूनच रुग्णालयाचा कारभार बघणारी रोगी कल्याण समिती निघाली. पुढे २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. नाव किती सुंदर! पण तुमच्याकडे अशी समिती असेल तर तिच्या खुर्च्यांवर कोण बसतं ते एकदा बघून ये. साहेब, दाते, पुढारी असतील. पलंगाखाली चटई टाकून आठ रात्री काढलेली बाई आहे का त्यात?

तशी दोन माणसं तुमच्या दवाखान्यातल्या बैठकीला बोलव. एकच बोलावलंस तर ते गप्प बसेल. पहिल्या वेळी मोठ्या डॉक्टरांना समोर बसवू नकोस. आधी तक्रारींचा पाऊस पडेल: पंखा, संडास, गेटपास, लिफ्टवाल्याचं बोलणं. मध्येच सबबी सांगू नकोस. पंखा दुरुस्त झाला की फोन करून कळव, नाहीतर ती माणसं दुसऱ्यांदा येणार नाहीत.

अजून एक, हे तुमच्या हिशेबनिसाला आवडणार नाही. देवासहून येणाऱ्याचं बसभाडं आणि बुडालेली मजुरी दवाखान्याने द्यावी. बैठकीत बसणाऱ्या इतर सगळ्यांचा पगार चालूच असतो की नाही?

रविवारी पोहे खायला ये. येताना फॉर्म आण, आपण खालच्या मजल्यावरच्या आजींकडून वाचून घेऊ.

तुझी,
मावशी