वाचकांचे प्रश्न: बुडापेस्टमध्ये एका दिवसात बंदूक, चिखल आणि गरम पाणी

मागच्या अंकात हंगेरीतल्या बुडापेस्टच्या एका दिवसाच्या ट्रिपबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. शूटिंग रेंज, शहराबाहेर जुन्या रशियन जीप स्वतः चालवणं आणि संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात डुंबणं, असं तिन्ही एकत्र. त्यावर एवढे मेल आले की पूर्ण सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा राहिला असेल तर रागावू नका.

ताई, आमच्या ग्रुपमधल्या एकाचं लग्न ठरलंय म्हणून आम्ही सगळे मित्र ऑक्टोबरमध्ये जातोय. एजंटने दिलेला प्लॅन असा: सकाळी ऑफ-रोड, मग जेवण आणि बिअर, मग शूटिंग, शेवटी स्पा. क्रमाने काही फरक पडतो का?
– नवरदेवाचा मित्र

पडतो म्हणजे काय, सगळा खेळच क्रमाचा आहे! शूटिंग पहिलं घ्या, सकाळी, हात ताजे असताना. दोन तास खडबडीत रस्त्यावर पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी ओढल्यावर मनगटं आणि खांदे असे थरथरतात की नंतर पिस्तूल स्थिर धरायला जाल तर नळीचं टोक नाचत राहील आणि मग सगळे म्हणतील बंदूकच बेकार होती. दुसरं म्हणजे गोळ्या झाडल्या की हातावर, बाहीवर, केसात शिशाची बारीक धूळ बसते, ती तशीच घेऊन जेवायला बसायचं नाही. साबणाने आणि गार पाण्याने हात-तोंड धुवायचं आणि मगच घास. शूटिंग आधी, मग हात धुऊन जेवण, मग चिखल, शेवटी कुंड. सगळं अंगावरचं तिथेच उतरतं.

आणि बिअर. हंगेरीत गाडी चालवणाऱ्याला दारूची मर्यादा शून्य आहे, म्हणजे थोडीशी चालते वगैरे प्रकारच नाही. रेंजवर तर वास आला तरी आत घेत नाहीत आणि तुम्ही आधी भरलेले पैसे गेले ते गेले. आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तरी तेच, आणि लग्नाआधीच्या ट्रिपमध्ये आदली रात्र कशी असते ते काय मला सांगायला नको. गरम पाण्यात उतरायच्या आधीही नको, का ते खाली लिहिलंय. कुंडातून बाहेर आलात, पाणी प्यायलात, जरा बसलात की मग काय हवं ते करा. एजंटला सांगा प्लॅन फिरव, तो फिरवेल, त्याला फक्त गाड्यांच्या वेळा जुळवायच्या असतात.

मी कायम ऑटोमॅटिक गाडी चालवलीये. तिथे म्हणे लाडा निवा नाहीतर उआझ देतात. जमेल का?

जमेल, पण पहिली दहा मिनिटं डोकं चक्रावेल. कारण ऑफ-रोड नव्हे, स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला! आपला डावा हात सवयीने दारावर आपटत राहतो. गिअरची गाडी अजिबातच चालवली नसेल तर जायच्या आधी कुणाच्या तरी गाडीवर क्लचचा सराव करून जा, तिथे शिकत बसायला वेळ मिळत नाही.

निवा १९७७ पासून बनतेय आणि दिसायला खेळण्यासारखी असली तरी गंमत म्हणजे चारही चाकांना ताकद कायम जाते, चालू-बंद करायची भानगड नाही. मुख्य गिअरजवळ अजून दोन छोटे दांडे दिसतील. एकाने लो रेंज लागते म्हणजे गाडी मुंगीच्या गतीने पण प्रचंड जोराने चढते, दुसऱ्याने मधला डिफरन्शियल लॉक होतो म्हणजे पुढची आणि मागची चाकं एकत्र फिरतात. चिखलात लॉक लावायचा, पक्क्या डांबरी रस्त्यावर आलात की काढायचा, नाहीतर आतल्या गिअर-शाफ्टवर ताण येतो. उआझ ४६९ ही १९७० च्या दशकातली सोव्हिएत लष्करी जीप, तिला पुढच्या चाकांची ताकद वेगळी जोडावी लागते, स्प्रिंगचे पाटे कडक, बसताक्षणी मणका हिशोब मागतो. मला विचाराल तर पहिल्यांदा निवाच घ्या. उआझचे फोटो भारी येतात हे मान्य.

आता चालवायचं कसं. अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंतवू नका, बाहेर रिमवर ठेवा, कारण पुढचं चाक दगडावर किंवा खाचेत आदळलं की स्टिअरिंग गरकन उलटं फिरतं आणि आतला अंगठा मुरगळतो. तीव्र उतार आला की लो रेंजमध्ये पहिला गिअर टाका, क्लचवरून पाय पूर्ण काढा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. इथे घाबरून ब्रेक जोरात दाबला तर चाकं लॉक होतात आणि गाडी आडवी घसरते, आणि क्लच दाबला तर अजून वाईट, गाडी मोकळी सुटते. चिखलात एकसारखा वेग ठेवायचा, मध्येच थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. चाक जागच्या जागी गरगरायला लागलं की लोक ॲक्सिलरेटर अजून दाबतात, त्याने चाक खड्डा खणत जातं आणि थोड्या वेळात गाडी पोटावर बसते. पाय काढा, सरळ मागे घ्या, आल्या वाटेनेच, परत ट्राय करा. पाण्यात हळू शिरायचं, समोर छोटी लाट धरून तोच वेग ठेवायचा.

शेजारी तिथला माणूस बसलेला असतो, त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं असेल पण हाताच्या खुणा जगभर सारख्याच. त्याने थांब म्हटलं की थांबा. स्वतःचं मूळ लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट दोन्ही जवळ ठेवा, परमिट एक वर्षच चालतं त्यामुळे तारीख बघून घ्या.

मी डावखुरा आहे आणि चष्माही आहे. शूटिंग जमणारच नाही असं मित्र चिडवतात.

मित्रांना कारोय ताकाच यांचं नाव सांगा, हंगेरीचेच! सैन्यात होते, पिस्तूल नेमबाजीत अव्वल, आणि १९३८ मध्ये सरावात सदोष ग्रेनेड उजव्या हातात फुटला. हात गेला. मग कुणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला, पुढची दोन ऑलिम्पिक युद्धामुळे झालीच नाहीत, आणि १९४८ ला लंडनमध्ये रॅपिड फायर पिस्तूलमध्ये सुवर्ण, १९५२ ला हेलसिंकीत परत सुवर्ण. डाव्या हाताने, अडतीस वर्षांचे असताना पहिलं. त्यामुळे मित्रांनी गप्प बसावं.

खरा प्रश्न हाताचा नसतोच, डोळ्याचा असतो. दोन्ही तळहात समोर धरून मध्ये छोटी फट ठेवा, त्यातून लांबच्या खांबाकडे बघा आणि एक-एक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब फटीतच राहतो तो तुमचा पक्का डोळा. हात डावा आणि डोळा उजवा असं निघालं तर रेंजवरच्या माणसाला आधीच सांगा. चष्मा राहू द्या, वरून सेफ्टी ग्लास बसतो.

एक मात्र डावखुऱ्यांनी ध्यानात ठेवायचं, बहुतेक बंदुकांतून रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे तुमच्या तोंडासमोरून. आणि ती चांगलीच गरम असते! मोठ्या गळ्याचा टीशर्ट घातला की हमखास एखादी आत जाते आणि मग माणूस हातात भरलेलं पिस्तूल घेऊन नाचतो, रेंजवर याहून धोकादायक दृश्य नाही. बंद गळा, पूर्ण बाह्या, बंद बूट, आणि पुंगळी आत गेलीच तर दात-ओठ खा पण नळी समोरच ठेवा, बंदूक खाली ठेवा, मग झटका.

माझी बायको बारीक अंगाची आहे. पॅकेजमध्ये ग्लॉक, एके-४७ आणि शॉटगन आहे. तिला झेपेल?

क्रम लावला तर झेपेल. आधी पॉइंट टू-टूची, म्हणजे अगदी छोट्या गोळीची बंदूक मागा, तिला धक्का जवळपास नाहीच, त्यावर निशाणा कसा बघायचा आणि ट्रिगर हळू कसा ओढायचा ते कळतं. मग ग्लॉक १७, नऊ मिलिमीटरची, दोन्ही हातांनी घट्ट, अंग किंचित पुढे झुकवून. मागे झुकून उभं राहायची सवय जवळजवळ सगळ्या नवख्यांना असते आणि त्यानेच तोल जातो. दुसऱ्या हाताचा अंगठा स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या मागे येता कामा नये, स्लाइड मागे येताना कातडी सोलून काढते. एकेचा धक्का वाटतो तेवढा नसतो, आवाज मात्र कानठळ्या बसवणारा, आणि एकेचीच हंगेरीत बनलेली आखूड नळीची बहीण एएमडी-६५ मिळाली तर तो आवाज अजून वाढतो. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही घालायला लावा. शॉटगन शेवटी, खांद्याला नीट टेकवून, आणि नको वाटली तर सोडून द्या.

बोट ट्रिगरवर फक्त झाडायच्या क्षणी, नळी कायम समोर, मागून हाक आली तरी बंदुकीसकट वळायचं नाही. गरोदर असाल तर शूटिंग अजिबात नको, शिसं आणि आवाज दोन्हीमुळे.

मला बंदुकीला हात लावायचा नाहीये. मग उरलेला दिवस फिका होईल का?

मुळीच नाही. खरं सांगू, तिघांत शूटिंगच मला सगळ्यात कमी वाटतं, मोजक्या गोळ्या, मोठा आवाज, संपलं. त्याऐवजी बुडाच्या, म्हणजे शहराच्या डोंगराळ अर्ध्या भागातली पालव्योल्दी गुहा घ्या, गाइडबरोबर हेल्मेट-टॉर्च लावून सरपटत जायच्या टूर त्या गुहांच्या जाळ्यात होतात. ती सगळी पोकळी जमिनीखालून वर येणाऱ्या गरम पाण्याने चुनखडी विरघळून झालीये, म्हणजे सकाळी त्या पाण्याची करणी बघायची आणि संध्याकाळी तशाच पाण्यात बसायचं!

आई बरोबर आहे, वय ६२, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात. ती फक्त कुंडात येईल. कुठलं निवडू आणि पाणी खरंच जमिनीतून गरम येतं का?

खरंच येतं. हंगेरीखाली पृथ्वीचं कवच पातळ आहे, त्यामुळे खोल गेलं की तापमान इतर ठिकाणांपेक्षा भराभर वाढतं, ढोबळमानाने शंभर मीटरला पाच अंश, जगात सरासरी तीनच्या आसपास असतं. व्हिल्मोश झिगमोंडी या इंजिनिअरने शहराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, पेस्टमध्ये, खणलेली विहीर १८७८ ला ९७० मीटरवर पोचली आणि ७४ अंशांचं पाणी लागलं. त्याच परिसरात १९१३ ला सेचेनी स्नानगृह उघडलं. त्यामुळे तिथे पाणी तापवायचा नाही तर गार करायचा प्रश्न असतो.

आईसाठी सेचेनीच सोपं. मेट्रोची एक नंबर लाइन, जी १८९६ पासून चालू आहे, तिचं स्टेशनच सेचेनीच्या नावाचं आहे. बाहेरच्या उघड्या कुंडांपैकी एक ३८ अंशांच्या आसपास असतं, तिथे आजोबा मंडळी छातीभर पाण्यात उभी राहून बुद्धिबळ खेळताना दिसतील, आपण बाजूला उभं राहून नुसतं बघितलं तरी कुणी काही म्हणत नाही. रुडास हे दुसरं स्नानगृह जास्त सुंदर, सोळाव्या शतकातला तुर्की घुमट आणि खाली अष्टकोनी कुंड, पण तिथे काही वार फक्त पुरुषांचे, काही बायकांचे असतात, त्यामुळे जायच्या दिवसाचं वेळापत्रक बघूनच जा. गेलेर्ट नावाचं तिसरं स्नानगृह डोक्यातून काढा, ऑक्टोबर २०२५ पासून ते दुरुस्तीसाठी बंद आहे.

बीपीचं असं, गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल होतात आणि बीपी खाली येतं, त्यात गोळीही तेच काम करते, मग झटकन उठलं की डोळ्यांसमोर अंधारी. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, हो म्हणाले तर एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, कठड्याला धरून हळू उठायचं, मध्ये पाणी प्यायचं. दारू पिऊन उतरू नका म्हणाले ते याचमुळे, तीही रक्तवाहिन्या सैल करते आणि अंगातलं पाणी कमी करते. गुडघ्यांना त्या वेळेपुरता छान आराम पडतो, दुखणं कायमचं बरं होईल असं कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. चांदीची जोडवी-पैंजण काढून ठेवा, गंधकाने काळी पडतात.

मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला नेऊ का?

नका. सेचेनीत १४ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि शूटिंगला तर बहुतेक ठिकाणी १८ लागतात.

डिसेंबरमध्ये केलं तर?

गरम कुंड डिसेंबरमध्येच खरं, बाहेर हवा शून्याजवळ आणि पाण्यावर वाफ. पण चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर निघा आणि चिखलाचा भाग उजेडात उरका. जमीन गोठली असेल तर चिखलाऐवजी दगडासारखी कडक खाच मिळते, त्यात गाडी जास्त आदळते. एक जोडी कोरडे मोजे-पँट वेगळी ठेवा.

सामान काय काय घेऊ? आणि रिकाम्या पुंगळ्या आठवण म्हणून आणता येतील का?

पासपोर्ट, रेंजवर ओळखपत्र बघतात. पोहायचे कपडे, टॉवेल, रबरी स्लीपर, पोहण्याच्या मोठ्या कुंडासाठी टोपी. लॉकरचा पट्टा मनगटावर मिळतो. पैसे फोरिंटमध्ये, हंगेरीत अजून युरो नाही. चिखलाचे आणि शूटिंगचे कपडे एका पिशवीत बांधून चेक-इन बॅगेत टाका आणि विमानतळावर वेगळे कपडे घाला, बाहीवर बारुदाचे कण असले तर तपासणीचं मशीन ओरडू शकतं.

पुंगळ्या नको. रिकाम्याही नको, की-चेन केलेल्याही नको, बॅगेच्या खणात चुकून राहिलेली एक सुद्धा नको. येताना सापडली तर सुरक्षा तपासणीतून थेट पोलिसांसमोर बसावं लागू शकतं आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. रेंज सोडतानाच खिसे, बूट आणि टीशर्टचा गळा झटकून निघा, आणि आठवण म्हणून भोकं पडलेला कागदी टार्गेट घ्या, तो गुंडाळून कुठेही मावतो.