खुर्ची मोडली, भरपाई कोणी कोणाला द्यायची?

प्रश्न (संक्षिप्त): मुलीच्या लग्नासाठी मी नागपुरातील एका उंची हॉटेलात वऱ्हाडी मंडळींसाठी दोन रात्रींकरिता आठ खोल्या घेतल्या होत्या. व्याह्यांचे वडील खोलीतल्या आरामखुर्चीत बसताच तिचा मागचा पाय निखळला. ते पडले आणि त्यांच्या कोपराला मार लागला. इतर खोल्यांतील सोफे डागाळलेले होते, एका कपाटाचे दार बिजागरीवर लोंबत होते. निघताना हॉटेलने ‘फर्निचर नुकसान’ म्हणून 22,000 रुपये व त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 25,960 रुपये बिलात लावले. व्याह्यांसमोर वाद नको म्हणून मी सही करून पैसे भरले. ते परत मिळतील का? खोलीभाडेही परत मागता येईल का?

उत्तर: 25,960 रुपये परत मिळण्याची शक्यता चांगली आहे, संपूर्ण खोलीभाडे परत मिळण्याची नाही. या दोन मागण्या तक्रारीत वेगवेगळ्या मांडाव्यात, कारण दुसरी फार ताणली तर पहिलीचेही वजन कमी होते.

आपण पाठविलेल्या फोटोंपैकी तुटलेल्या सांध्याचा फोटो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात पायाच्या टोकाला गंजलेला खिळा आणि वाळून पिवळ्या पडलेल्या सरसाचा थर स्पष्ट दिसतो. याचा अर्थ असा की हा पाय पूर्वी कधीतरी सुटला होता, सुताराकडून तो ठोकून बसविला गेला आणि खुर्ची पुन्हा पाहुण्यांच्या खोलीत ठेवली गेली. खुर्चीवर बसणे हा तिचा नेहमीचाच वापर आहे. त्यात हयगय कोणती झाली हे हॉटेलला सिद्ध करावे लागेल. भारतीय करार कायद्याच्या कलम 150 नुसार, भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे घेणाऱ्याला इजा झाली तर तो दोष आपल्याला ठाऊक नव्हता, असे म्हणून देणाऱ्याची सुटका होत नाही. हॉटेलच्या खोलीला हे कलम शब्दशः लागू होते असा माझा दावा नाही, परंतु त्यामागचे तत्त्व युक्तिवादात निश्चित वापरता येते.

आता 22,000 या आकड्याकडे पाहू. वादाकरिता दोष आपला धरला, तरी करार कायद्याच्याच कलम 73 खाली प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपुरतीच भरपाई मागता येते. जुन्या खुर्चीच्या बदल्यात नवी खुर्ची पदरात पाडून घेता येत नाही. कंपनी कायदा, 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण फर्निचरचे उपयुक्त आयुष्य 10 वर्षे, तर हॉटेलांतील फर्निचरचे 8 वर्षे धरले आहे. म्हणून हॉटेलकडे त्या खुर्चीचे खरेदीचे बिल आणि दुरुस्तीची नोंद लेखी मागावी. हॉटेलने ती दिली नाही तर कागदपत्रे हजर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. आकारलेल्या 3,960 रुपयांच्या जीएसटीवरही आक्षेप घ्यावा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रक क्रमांक 178 नुसार, करारभंगाबद्दलची निव्वळ भरपाई हा सेवेचा मोबदला नसल्याने तिच्यावर हा कर लागत नाही.

बिलावरील सहीची आपल्याला वाटते तेवढी भीती बाळगण्याचे कारण नाही. वरात दारात आणि व्याही शेजारी उभे असताना केलेली सही म्हणजे विचारपूर्वक दिलेली कबुली नव्हे, हे सांगता येते. मात्र ते लवकर सांगितले पाहिजे. ‘ही रक्कम मला मान्य नाही, नाइलाजाने भरली’ असा ईमेल हॉटेलला आजच पाठवावा.

खोलीभाड्याबाबत माझे मत सावध आहे. आपण दोन्ही रात्री तेथे राहिलात. ‘पाहून बदलून देतो’ असा स्वागतकक्षाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आपल्याकडे आहे ही जमेची बाजू असली, तरी तो एकाच खोलीबद्दल आहे. त्यामुळे भाड्याचा काही अंश आणि मनस्तापाची माफक भरपाई मागणे योग्य ठरेल. हॉटेलच्या संकेतस्थळावर त्याच श्रेणीच्या खोलीचे चकचकीत फोटो असतील, तर ते बदलण्यापूर्वी तारखेसह जतन करून ठेवावेत. सेवेतील त्रुटीबरोबर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दाही त्यातून उभा राहतो.

प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि हॉटेलला 15 दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी. नोटीस सक्तीची नाही, परंतु अनेक प्रकरणे तिथेच मिटतात, कारण एवढ्या रकमेसाठी वकील उभा करणे हॉटेललाच महाग पडते. न मिटल्यास सिव्हिल लाइन्समधील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात किंवा ऑनलाइन तक्रार दाखल करता येईल. आपले एकूण बिल 1,86,000 रुपयांचे आहे आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील नेमणेही बंधनकारक नाही. हॉटेलचे पाटीवरचे नाव आणि मालक कंपनीचे नाव बहुधा वेगळे असते, म्हणून प्रतिपक्षाचे नाव जीएसटी बिलावरूनच घ्यावे.

व्याह्यांच्या वडिलांच्या दुखापतीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. आपल्या संमतीने सेवा घेणारे म्हणून तेही कायद्याने ‘ग्राहक’ ठरतात आणि उपचारखर्च मागू शकतात. मात्र नव्या सोयरिकीत आजोबांकडे प्रतिज्ञापत्र मागायला जीभ रेटत नसेल, तर तो आग्रह धरू नये. खोलीत हजर असलेल्या आपल्या पुतण्याचे प्रतिज्ञापत्र पैसे परत मिळविण्याच्या मागणीसाठी पुरेसे ठरावे.

तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षे आहे, परंतु तोवर ती खुर्ची भंगारात गेलेली असेल. म्हणूनच ती जपून ठेवावी, अशी मागणी नोटिशीत स्वतंत्र परिच्छेदात करावी, आणि सांध्याचा मूळ फोटो ज्या फोनवर काढला तो फोन तूर्त विकू नये.