अपडेटनंतर मुकी झालेली बटणे आणि कंपनीचे उत्तरदायित्व

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कार्यालयात रोज वापराव्या लागणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे नवे अपडेट आले आणि तेव्हापासून स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, अर्ध्या पडद्यावर केवळ ‘बटण, बटण’ एवढेच बोलतो, कंपनीला तीनदा लिहिले आणि तिन्ही वेळा ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ असे साचेबद्ध उत्तर आले. आता सर्वांनी मिळून त्या सॉफ्टवेअरला एकच तारा द्यावा, न्यायालयात जावे, की शेजारच्या डोळस सहकाऱ्याला विचारत दिवस काढावेत, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः अंध आहे, अनेक वर्षे स्क्रीन रीडरवरच काम करते आणि या प्रकारचे भांडण काही वेळा जिंकले, काही वेळा हरले आहे. त्यामुळे सविस्तर लिहिते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आधी सांगते. तक्रार मदतीची विनंती म्हणून लिहिणे थांबवा, ती दोषाची लेखी नोंद म्हणून लिहा, आणि ज्याने त्या सॉफ्टवेअरचे पैसे भरले आहेत त्याच्या सहीने ती कंपनीकडे जाऊ द्या. तुम्ही त्या सॉफ्टवेअरचे वापरकर्ते आहात, पण त्याची ग्राहक तुमची संस्था आहे. करार तिने केला, वार्षिक शुल्क ती भरते आणि नूतनीकरण नाकारण्याचा अधिकारही तिचाच आहे. कंपनीच्या मदतकक्षात तुमचे पत्र हजारो पत्रांपैकी एक असते. तोच मजकूर खरेदी विभागाकडून गेला की तो विक्री विभागाला वाचावाच लागतो, आणि तिथून तो प्रोग्रामरपर्यंत पोहोचायला फार दिवस लागत नाहीत.

आता हा दोष नेमका कोणाचा ते पाहू, कारण कंपनी पहिला बचाव इथेच करते. स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहत नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीत त्यासाठी वेगळी व्यवस्था असते, विंडोजमध्ये तिला यूआय ऑटोमेशन म्हणतात, आणि पडद्यावरील प्रत्येक घटकाने आपले नाव काय, आपण बटण आहोत की चौकट की यादी, आणि आपली सध्याची स्थिती काय हे त्या व्यवस्थेला सांगायचे असते. कार्यप्रणालीसोबत येणारी तयार बटणे वापरली तर यातले बहुतेक काम आपोआप होते. पडदा अधिक आकर्षक करण्यासाठी प्रोग्रामरने स्वतःचे बटण चित्रासारखे रंगवले, तर ही माहिती त्याला वेगळी लिहून द्यावी लागते, आणि ती लिहिली नाही तर डोळसाला ‘जतन करा’ दिसते तिथे आपल्याला नुसते ‘बटण’ ऐकू येते. तुमच्याकडे स्क्रीन रीडर तोच आहे, संगणकही तोच आहे; बदलले ते सॉफ्टवेअर, तेव्हा दोष कुठे शिरला याबद्दल फारशी शंका राहत नाही.

हा माझा किंवा तुमचा खाजगी आग्रहही नाही. सुगम्यतेसाठी, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावे यासाठी, डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांची २.० ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि २०१२ मध्ये ती आयएसओ या मानक ठरवणाऱ्या संस्थेचे आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यातील ४.१.२ हा निकष घटकाचे नाव, भूमिका आणि मूल्य यांविषयी आहे, तर २.१.१ हा निकष सर्व काम कीबोर्डने करता यावे यासाठी आहे. दोन्ही निकष ‘ए’ म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीचे आहेत. ही तत्त्वे मुळात संकेतस्थळांसाठी लिहिली गेली असली, तरी ईएन ३०१ ५४९ या युरोपीय मानकाने त्यांतील बहुतेक निकष संगणकावरील सॉफ्टवेअरलाही लावले आहेत.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. एका संस्थेत काम करत असताना तिथल्या नोंदवहीच्या सॉफ्टवेअरमध्ये अपडेटनंतर तारीख निवडायची चौकट कीबोर्डला प्रतिसाद देईनाशी झाली. मी कळवळून लिहिले की मी अंध आहे, माझे काम अडले आहे, कृपया लक्ष घाला. उत्तर आले की स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांशी संपर्क साधावा. त्यांच्याशी संपर्क साधला तर त्यांनी योग्यच सांगितले की चौकट काही माहितीच देत नाही, मग आम्ही वाचणार काय. या हेलपाट्यात काही महिने गेले आणि त्या काळात मी कामात मंद आहे असा शेरा माझ्या वाट्याला आला. तो शेरा मला अजून टोचतो, कारण मी मंद नव्हते. माझ्यासमोरचे दार बंद केले होते आणि ते बंद आहे हे दिसणारे दुसरे कोणी नव्हते. पुढे मी तीच गोष्ट निराळ्या रीतीने लिहिली, खरेदी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती आपल्या पत्राला जोडली, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या अपडेटमध्ये चौकट दुरुस्त होऊन आली.

निराळ्या रीतीने म्हणजे कशी, ते सांगते. सॉफ्टवेअरची अपडेटपूर्वीची आणि नंतरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, स्क्रीन रीडरचे नाव आणि आवृत्ती आरंभी लिहा. त्यानंतर एकच काम निवडा, उदाहरणार्थ नवी पावती नोंदवून जतन करणे, आणि कोणत्या कळा दाबल्या, प्रत्येक कळीनंतर काय ऐकू आले आणि काय ऐकू यायला हवे होते हे क्रमाने लिहा. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या साधनांमध्ये स्पीच व्ह्यूअर आहे; तो सुरू ठेवला की बोललेला प्रत्येक शब्द खिडकीत उमटतो आणि तो मजकूर तसाच तक्रारीत घालता येतो, त्यामुळे ज्याने जन्मात स्क्रीन रीडर ऐकलेला नाही त्यालाही सलग बारा वेळा आलेला ‘बटण’ हा शब्द डोळ्यांनी वाचता येतो. शक्य असल्यास तेच काम दुसऱ्या स्क्रीन रीडरवर करून पाहा. तुम्ही जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर वापरत असाल तर एनव्हीडीए विनामूल्य आहे, आणि दोन्हींवर एकच अडचण आली तर स्क्रीन रीडरकडे बोट दाखवण्याचा मार्ग बंद होतो. शेवटी निकषाचा क्रमांक लिहा आणि कामावरचा परिणाम मोजून लिहा: पूर्वी स्वतः करत होतो ते कोणते काम आता करता येत नाही, आणि त्यासाठी दुसऱ्याचा किती वेळ जातो. संस्थेच्या प्रमुखांना समजते ते हे शेवटचे वाक्य, त्यामुळे ते वगळू नका.

कमी तारे देण्याविषयी: राग व्यक्त होतो, एवढेच. द्यायचेच असतील तर आवृत्ती आणि नेमकी अडचण लिहून द्या, म्हणजे खरेदीपूर्वी वाचणाऱ्याला उपयोग होईल.

खरेदीदाराच्या शब्दाला किती वजन असते, हे इतिहासात दोनदा फार स्पष्ट दिसले आहे. विंडोज ९५ आले तेव्हा अंध कर्मचाऱ्यांसमोर तुमच्यासारखेच संकट होते, फक्त ते फार मोठे होते. त्याआधीच्या डॉस या कार्यप्रणालीच्या पडद्यावर अक्षरेच असत आणि ती वाचता येत, नव्या पडद्यावर सगळे चित्ररूप झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधविषयक आयोगाने पुढाकार घेतला आणि अंध कर्मचाऱ्यांना वापरता येत नसेल तर राज्य शासन हे सॉफ्टवेअर घेणार नाही, अशी भूमिका मांडली. त्यानंतर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी ही व्यवस्था आणली. आजच्या यूआय ऑटोमेशनची ती पूर्वज म्हणता येईल. त्याच वर्षी इंटरनेट एक्स्प्लोररची चौथी आवृत्ती तिचा आधार न घेताच बाहेर पडली, अंध वापरकर्त्यांकडून तीव्र निषेध झाला आणि थोड्याच काळात आलेल्या ४.०१ आवृत्तीत तो आधार परत आला. म्हणजे अपडेटने सुगम्यता मोडणे हा प्रकार जुना आहे, आणि तो दुरुस्त होऊ शकतो हेही तितकेच जुने आहे.

दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण तिथे दावा उपकरण बनवणाऱ्यावर झालाच नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील काही विद्यापीठांनी पाठ्यपुस्तकांसाठी किंडल डीएक्स हे ई-पुस्तके वाचण्याचे उपकरण वापरून पाहायचे ठरवले. त्या उपकरणात पुस्तक मोठ्याने वाचण्याची सोय होती, पण पुस्तक निवडण्यासाठीची यादी बोलत नव्हती, त्यामुळे अंध विद्यार्थ्याला पुस्तकापर्यंत पोहोचताच येत नव्हते. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड आणि अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड या दोन संघटनांनी एका विद्यार्थ्यासह ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीवर, म्हणजे ते उपकरण स्वीकारणाऱ्या संस्थेवर, दावा केला. जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली आणि अंध विद्यार्थ्यांना वापरता येत नाहीत अशी वाचनयंत्रे न घेण्याकडे विद्यापीठे वळली. त्याच वर्षी आलेल्या पुढच्या किंडलमध्ये यादी बोलू लागली. खरेदीदार खरेदी थांबवतो तेव्हा अभियंत्यांना दुरुस्तीसाठी वेळ मिळतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून तुमच्या संस्थेला विचारा की करारात सुगम्यतेविषयी काय लिहिले आहे. बहुधा काहीच लिहिलेले नसेल, किंवा ‘लागू मानकांचे पालन केले जाईल’ असे ज्याला धरता येत नाही असे वाक्य असेल. नूतनीकरणाच्या वेळी तिथे मानकाचे नाव, आवृत्ती आणि पातळी लिहून घ्यावी, आढळलेला दोष किती दिवसांत दुरुस्त होईल ती मुदत लिहून घ्यावी, आणि मुदत टळली तर शुल्काचा काही भाग रोखता येईल असे कलम घालावे. कंपनीकडून अनुरूपता अहवालही मागावा. व्हीपीएटी या नमुन्यावर तो तयार करतात आणि त्यात प्रत्येक निकषापुढे पूर्ण आधार, अंशतः आधार की आधार नाही हे लिहिलेले असते. तो वाचताना ‘अंशतः आधार’ या शब्दांवर थांबा. पुढे कारण लिहिलेले नसेल तर तपासणी झालेली नाही असे समजून लेखी प्रश्न विचारा, आणि अहवाल कोणत्या आवृत्तीचा आहे तेही पाहा, कारण तीन अपडेटांपूर्वीचा अहवाल आजच्या पडद्याबद्दल काहीच सांगत नाही.

संकेतस्थळांच्या बाबतीत एक फसवा उपाय पुढे केला जातो, त्यापासून सावध राहा. एक ओळ संहितेत टाकली की संकेतस्थळ आपोआप सुगम्य होते असे सांगून वरून जोडायची साधने विकली जातात. अशा साधनाची विक्रेती असलेल्या ॲक्सेसीबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल कारवाई केली आणि २०२५ मध्ये तिला दहा लाख डॉलर भरावे लागले. वेबएम या संस्थेने त्याच वर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासली तेव्हा ९४.८ टक्के पृष्ठांवर डब्ल्यूसीएजीचे उल्लंघन आढळले, आणि यंत्राला सापडतात ते दोष एकूण दोषांचा एक भागच असतात. बटणाला नाव आहे की नाही हे यंत्र सांगते. ते नाव योग्य आहे का, हे माणसालाच ऐकावे लागते.

न्यायालयाविषयी. तो मार्ग आहे आणि तो रिकामा नाही. २००० मध्ये ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविरुद्ध केलेली तक्रार ऑस्ट्रेलियाच्या मानवाधिकार आयोगाने मान्य केली. दुरुस्ती अवाजवी खर्चिक आहे हा आयोजकांचा बचाव टिकला नाही आणि त्यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून खाजगी कंपन्यांच्या अनेक उत्पादनांना आणि सेवांना लागू झाला आहे. भारतात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याखालील एक नियम रद्द ठरवला, तो याच कारणासाठी की कायद्याला बंधनकारक मानके अपेक्षित असताना नियमाने केवळ शिफारशी दिल्या होत्या. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरीही, ज्याला येत्या महिन्यात हिशेब पूर्ण करायचा आहे त्याला मी थेट न्यायालयात जा असे सांगणार नाही. हे निर्णय आपल्या पत्रात उद्धृत करा. संस्थेच्या विधी विभागाला ते वाचायला लावणे एवढ्यानेच पुष्कळ दारे उघडतात.

मात्र दुरुस्ती झाली म्हणजे विषय संपला असे मानू नका, ही चूक मी केली आहे. ज्या तारखेच्या चौकटीबद्दल वर लिहिले, ती वर्षभराने पुन्हा बंद पडली. दोष दुरुस्त झाला होता, पण प्रत्येक अपडेटपूर्वी कीबोर्डने आणि स्क्रीन रीडरने तपासण्याची रीत कंपनीत आली नव्हती. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या संकेतस्थळाविरुद्ध २००६ मध्ये अंधांनी केलेल्या दाव्यात २००८ मध्ये तडजोड झाली. तिच्यातील ६० लाख डॉलरच्या भरपाई निधीची चर्चा अधिक झाली, पण मला अधिक मोलाची वाटते ती तिच्यातील दुसरी अट, की पुढची काही वर्षे नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने त्या संकेतस्थळाची वेळोवेळी तपासणी करावी. तुमच्या पत्रातही दुरुस्तीच्या मागणीसोबत ही मागणी असू द्या: नवी आवृत्ती सर्वांना देण्यापूर्वी चाचणीसाठी मिळावी, तिची तपासणी स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या व्यक्तीकडून मोबदला देऊन करून घ्यावी, आणि सुगम्यतेसाठी जबाबदार असलेल्या व्यक्तीचे नाव कळवावे.

तोपर्यंत संस्थेच्या संगणक विभागाला तुमच्या यंत्रावर जुनी आवृत्ती परत बसवता येते का ते आजच विचारा, आणि बसवण्यापूर्वी नव्या आवृत्तीवरची नोंद स्पीच व्ह्यूअरमधून जपून ठेवा. कराराच्या नूतनीकरणाची तारीखही त्याच दिवशी विचारून घ्या. पत्राचा मसुदा तयार झाला की इथे टाका. कंपनीचे व तुमचे नाव काढून टाका, मी ओळ न ओळ वाचून सुचवीन.