रोमन स्पेलिंगमधला ‘बी’ ब नसतो

रोमन अक्षरांत कोरियन वाचताना आधी पद्धत कोणती ते बघा. १९३९ची मॅक्यून-रायशावर पद्धत ‘पुसान’ लिहिते, २००० सालची सरकारी पद्धत ‘बुसान’. शहर तेच, उच्चारही तोच. कारण शब्दाच्या सुरुवातीला कोरियन माणूस आपल्यासारखा ब काढत नाही. तो किंचित श्वास सुटलेला प असतो. दोन स्वरांच्या मध्ये सापडला की मात्र त्याचा आपसूक ब होतो.

आता आग, गवत आणि शिंग यांचे कोरियन शब्द घ्या: bul, pul, ppul. सरकारी स्पेलिंगमध्ये फरक फक्त पहिल्या अक्षराचा: ‘बी’, ‘पी’ आणि जोड ‘पी’. गवताला आपल्या ‘फळ’मधला, ओठ मिटून काढलेला फ चालतो; ‘फॅन’मधला नाही. शिंगातलं जोड ‘पी’ बघून ‘प्प’वर अडखळू नका, आपला कोरडा प जवळपास तोच. गोची आगीची आहे. तिथे मराठी प म्हटलात तर समोरच्याला शिंग ऐकू येईल! थोडा वारा सोडा आणि स्वर खालच्या पट्टीत ठेवा. सोलची तरुण मंडळी आग आणि गवत वाऱ्यापेक्षा सुरानेच वेगळं करतात. गवत वरच्या पट्टीत.

आडनावांना यातलं काहीही लावू नका. ‘पार्क’मधला र कोरियनमध्ये नाहीच, ती इंग्रजी स्पेलिंगची करामत. आणि हांगुल या कोरियन लिपीची मूळ अक्षरं २४च आहेत, ती आताच गिरवायला घ्या.